पुढून धाकटी, मागून थोरली

डॉक्टरांच्या गाडीने सरांच्या गाडीला धडक दिली, की सरांच्या गाडीने डॉक्टरांच्या गाडीला, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. दोघेही एकाच वेळी गाडी मागे घेत होते आणि दोघेही मागे न बघता पुढे बघून हात हलवत होते, कारण पुढे हॉटेलच्या पायरीवर एकमेकांची माणसे उभी होती. मुलाचे वडील डॉक्टर आणि मुलीचे वडील सर त्या दिवशी पहिल्यांदाच भेटले होते. गोड बोलून बोलून दोघांचेही जबडे दुखायला आले होते. निरोपाच्या क्षणी दोन पांढऱ्या गाड्यांच्या पाठी एकमेकींना अशा भिडल्या, की व्याह्यांची राहून गेलेली गळाभेट गाड्यांनीच उरकून घेतली.

दोन्ही डिक्यांच्या दारांना सारखाच पोचा आला. इथवर काहीच बिघडले नव्हते. बिघडवले ते डॉक्टरांच्या तोंडाने. डॉक्टर हाडांचे होते. पाय मोडून आलेल्या माणसाला धीर देताना ते जो आवाज काढत, तोच काढून सरांना म्हणाले,

"होतं असं. माझी गाडी भक्कम म्हणून एवढ्यावर निभावलं. तुमच्या गाडीचा पत्रा जरा हलकाच असतो ना!"

"पोचा तर सारखाच दिसतोय," सर म्हणाले. सर गणित शिकवत.

"दिसायला सारखा हो. आतून फरक असतो."

सरांनी तिथे काही उत्तर दिले नाही. गणिताचा माणूस उत्तर घरी येऊन काढतो.

"ज्या घरात पत्र्यावरून माणूस जोखतात," ते मुलीला म्हणाले, "त्या घरात तू कुठल्या पत्र्याची ठरणार आहेस?"

"बाबा, ते हाडांचे डॉक्टर आहेत. पत्र्यातलं त्यांना काय कळतं? रविवारी येतायत ना ते आपल्याकडे तारीख ठरवायला, तेव्हा बघा. एका वाक्यावरून काय माणूस ओळखायचा?"

"बरं. पण रविवारी त्यांनी असलंच दुसरं वाक्य टाकलं, तर तारीख-बिरीख काही ठरणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

म्हणजे मुलीचे लग्न आता डॉक्टरांच्या एका वाक्यावर येऊन थांबले होते, आणि डॉक्टर एका वाक्यावर थांबणाऱ्यांपैकी नव्हते.

दोघांच्याही गाड्या दुरुस्तीला एकाच इमारतीत गेल्या. हे दोघांनाही ठाऊक नव्हते, आणि कुणालाच ठाऊक होऊ नये अशा बेताने ती इमारत बांधलेली होती. समोरच्या हमरस्त्यावर काचेचे मोठे दार, आत गालिचा, खरी फुले आणि चिनी मातीच्या कपात कॉफी. हे डॉक्टरांच्या गाडीचे शोरूम. कोपरा वळून मागच्या गल्लीत साधे लोखंडी दार, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कागदी पेल्यात चहा आणि "या, या, बसा" म्हणणारी माणसे. हे सरांच्या गाडीचे. दोन्हींच्या मध्ये आणखी एका, ना फार भारी ना फार साध्या गाडीचे तिसरे शोरूम. तिघांच्या पाट्या वेगळ्या, रंग वेगळे, नोकरांचे गणवेशही वेगळे. तिन्ही गाड्या करणारी कंपनी मात्र एकच होती. तिचे नाव शोधायचेच म्हटले, तर पावतीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात सापडे.

त्या तीन गाड्यांना कंपनीच्या कागदांत भारदस्त नावे होती. कामगार त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत. तिन्ही शोरूमच्या पाठीमागे सगळ्यांना मिळून एकच वर्कशॉप होते, त्याला ते माहेर म्हणत. माहेरचा नियम एकच: आत येणाऱ्या गाडीने आधी दागिने उतरवायचे. म्हणजे फाटकातच गाडीच्या नावाचे बिल्ले काढून पाकिटात घालायचे. न जाणो, कुणा गिऱ्हाइकाची नजर आत गेलीच, तर थोरली आणि धाकटी एका ओळीत उभ्या राहून एकाच माणसाकडून तेलपाणी करून घेताहेत हे त्याला दिसू नये.

हा सगळा डोलारा सांभाळणाऱ्या बाईंना मानले पाहिजे. तिन्ही शोरूमच्या मॅनेजर त्या एकट्याच. दारातून येणाऱ्या माणसाच्या चपलेकडे त्या बघत नसत, तो बायकोकडे कितीदा बघतो ते बघत, आणि त्यावरून त्याला कुठल्या बहिणीकडे पाठवायचे ते ठरवत. धाकटी घ्यायला आलेल्याला त्यांनी थोरली दाखवून कधी मान खाली घालायला लावली नाही, आणि थोरलीच्या गिऱ्हाइकाला धाकटी किती गुणाची आहे हे कधी कळू दिले नाही. त्यांच्या आधीच्या मॅनेजरला मात्र एकदा उत्साह आला होता. त्याने थोरलीच्या एका बड्या गिऱ्हाइकाला सगळे वर्कशॉप हिंडवून दाखवले. ते हेड ऑफिसला कळले. ते गृहस्थ हल्ली टायर विकतात.

तर त्या आठवड्यात थोरली आणि धाकटी, दोघी पाठीला पोचा घेऊन माहेरी आल्या. मिस्त्रीने दोघींची दागिन्यांची पाकिटे केली, डिकीची दारे उतरवली, ठोकून सरळ केली आणि शेजारी शेजारी उभी करून एकाच दमात रंगवली. थोरलीच्या यादीत त्या रंगाला 'हिममोती' म्हणत आणि धाकटीच्या यादीत 'पांढरा'. डबा एकच होता. वाळल्यावर मिस्त्रीने एका दाराला एक बिल्ला आणि दुसऱ्याला दुसरा चिकटवला, वर चरे पडू नयेत म्हणून कागद लावला. फिटरने दारे बसवली. त्याने बिल्ले बघितले नाहीत, कारण ते कागदाखाली होते. दार बसते की नाही बघितले, आणि दार बसलेच. ते दोघींनाही बसणारच होते! पुढे काचेच्या दाराशी एकाने कागद काढला आणि लोखंडी दाराशी दुसऱ्याने. त्यांना पुसायचा पगार होता, वाचायचा नव्हता. चूक शोधायला निघाले, तर प्रत्येकाचे काम चोख. फक्त शनिवारी संध्याकाळी सरांची गाडी घरी गेली ती पुढून धाकटी आणि मागून थोरली, आणि डॉक्टरांची गेली ती पुढून थोरली, मागून धाकटी.

रविवारी सकाळी डॉक्टर हॉस्पिटलात पेशंट बघायला गेले. नेहमीप्रमाणे त्यांनी गाडीचे नाक भिंतीला लावले. राखीव जागेवर आता गाडीची फक्त पाठ दिसत होती. पेशंट बघून ते बाहेर येतात तो रखवालदार गाडीभोवती घिरट्या घालत होता.

"साहेब, ही कुणी लावलीय हो? मोठ्या डॉक्टरांची जागा आहे म्हणून मघापासून माणूस शोधतोय."

"अरे, माझीच आहे ती."

रखवालदाराने एकदा बिल्ल्याकडे आणि एकदा डॉक्टरांकडे बघितले. त्याचा चेहरा पडला. "असू दे साहेब," तो हळूच म्हणाला, "दिवस काय, येतात-जातात."

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. त्यांनीही गाडीची पाठ बघितली आणि आमच्या डॉक्टरांच्या पाठीवर हात ठेवला. "छान केलंस. मुलाचं लग्न काढलंयस, हात आखडायलाच हवा. काही लागलं तर संकोच करू नकोस."

डॉक्टर मागे गेले आणि त्यांनी स्वतःच्या गाडीवर धाकटीचे नाव वाचले. क्षणभर, शेजारच्याने आपल्यालाच भूल दिली की काय, असे त्यांना झाले. मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"मास्तरानं डाव साधला! पत्र्याला पत्रा म्हटलं म्हणून स्वतःचा बिल्ला आणून माझ्या गाडीला चिकटवला!"

"अहो, गणिताचे सर आहेत ते. रात्री येऊन बिल्ले कशाला चिकटवतील?"

"मग दुसरं कोण? गावात माझ्या गाडीला हलक्या गाडीचं नाव लावण्यात कुणाला रस आहे? तू तयार हो. आधी शोरूम, मग त्यांचं घर. तारीख ठरवायला नाही, मोडायला!"

तिकडे सर ओले फडके घेऊन गाडी पुसत होते. शेजारचे काका कठड्यावरून ओरडले, "काय सर, मोठी घेतलीत! आणि पेढा नाही की पत्ता नाही?"

सर मागे वळले, फडके बाजूला केले आणि वाचले. गणितात दोन पायऱ्या गाळलेल्या त्यांना कधी खपल्या नव्हत्या, पण आज त्यांनी चार गाळल्या आणि थेट उत्तरावर आले.

"बघ," ते मुलीला म्हणाले, "तुझ्या सासऱ्यांनी आपल्याला बिल्ला लावून घेतला."

"ते कशाला असं करतील?"

"का म्हणजे? आज त्यांची चार माणसं आपल्या दारात येणार. दारात साधी गाडी दिसली तर त्यांची मान खाली जाईल. म्हणून शोरूमवाल्यांना सांगून आपली बढती केली. परस्पर! न विचारता! अगं, पत्रा म्हणाले ते परवडलं. ही तर दया झाली."

"बाबा, चूक झाली असेल."

"चूक? त्यांच्याच गाडीचा बिल्ला नेमका माझ्याच गाडीला? शक्यता काढून देऊ तुला?"

मुलीने शक्यता काढू दिली नाही. "आधी शोरूममध्ये विचारू," म्हणून ती गाडीत जाऊन बसली.

बाईंची केबिन मधलीच्या शोरूमच्या पाठीशी, थोरली आणि धाकटी यांच्या बरोबर मध्ये होती, आणि तिला दोन्ही बाजूंनी दारे होती. काचेच्या बाजूने डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई आले. बाईंनी त्यांना गालिच्यावर बसवले, कॉफी सांगितली, तक्रार ऐकली आणि "एक मिनिट" म्हणून त्या उठल्या, कारण लोखंडी बाजूने कुणीतरी मोठ्याने "शक्यता" हा शब्द उच्चारत होते. तिकडे जाऊन त्यांनी सरांची तक्रार ऐकली. सर "डॉक्टर" म्हणाले मात्र, बाईंना सगळे लख्ख दिसले: दोन दारे, दोन पाकिटे, एक मिस्त्री.

"लगेच बदलून देते, सर. चूक आमची आहे."

"चूक मला नको. कुणी सांगितलं तेवढं सांगा. त्या डॉक्टरांनीच ना?"

"कुणी सांगितलेलं नाही हो."

"मग एकाचा बिल्ला दुसऱ्याला बसलाच कसा? डॉक्टरच म्हणतात, दोन्हींच्या लोखंडात फरक आहे."

बाई तशाच पलीकडे गेल्या, तर डॉक्टर उभेच होते.

"हो की नाही, एवढंच बोला. मास्तरांनी करवून घेतलं ना हे?"

"नाही साहेब, आमच्याच माणसाचा गोंधळ झाला."

"कसला गोंधळ? बिल्ले अदलाबदल व्हायला काय तांब्या-भांडं आहे? उद्या म्हणाल, दारंही बदलली! माझ्या गाडीचं दार त्यांच्या गाडीला लागतं का कधी?"

आयुष्यात बाईंना इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या मागे मिस्त्रीकडे गेल्या. "बिल्ले आत्ताच्या आत्ता बदलता येतील?"

"आज ओढले तर खालचा रंगही येईल, बाई. आठवडाभर तरी हात लावायचा नाही."

म्हणजे गुपचूप उरकण्याचा तोही रस्ता बंद. खोटे बोलून दोघांना वाटेला लावता आले असते, पण मग लग्न मोडले असते. खरे पटवायचे, तर दारे दाखवावी लागली असती, आणि दारे दाखवणाऱ्याचे काय होते ते बाईंना टायरच्या दुकानावरून जाताना रोज दिसे. त्या धाकटीच्या शोरूममधून परत निघाल्या. सरांची मुलगी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कागदी पेल्याची कड नखाने कुरतडत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर बाईंना सोपे गेले असते.

"मॅडम," ती म्हणाली, "खरं काय ते तुम्हाला माहितीय. तुमच्या तोंडावर दिसतंय. सांगता येत नसेल तर राहू दे. तुमचीही नोकरी आहे."

एका पारड्यात स्वतःची इतक्या वर्षांची खुर्ची आणि दुसऱ्यात एका परक्या मुलीचे लग्न. जमाखर्च जाणणारा कुणीही माणूस इथे निदान चहा पिण्यापुरता तरी थांबला असता. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला, केबिनची दोन्ही दारे सताड उघडली आणि म्हणाल्या,

"चला. सगळेच या माझ्याबरोबर."

गालिच्यावरून डॉक्टर आले, फरशीवरून सर आले, केबिनच्या मधोमध दोघांची गाठ पडली. "तुम्ही इथे?" दोघे एकदम म्हणाले. "तुम्ही कसे काय इथे?" हेही दोघे एकदमच म्हणाले.

वर्कशॉपमध्ये रंगाच्या खोलीबाहेर, आणखी कुणाच्या तरी गाड्यांची, डिकीची दोन नागडी दारे घोडीवर टेकून उभी होती.

"साहेब," बाई डॉक्टरांना म्हणाल्या, "यातलं एक तुमच्या कंपनीच्या गाडीचं आहे आणि एक सरांच्या. ओळखा."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. गुडघ्यावर मारावी तशी बोटाची पेरे एका दारावर मारली, मग दुसऱ्यावर. कान लावला. पुन्हा पहिल्यावर मारली. "हे," ते ठामपणे म्हणाले. "आवाजच वेगळा आहे. लोखंड बोलतं."

मिस्त्रीने दार उलटे करून त्यावरची चिठ्ठी दाखवली. ते धाकटीचे होते.

आधी हसल्या त्या डॉक्टरीणबाई. त्या अशा हसल्या, की वर्कशॉपमधले ठोकाठोकीचे आवाज थांबले. "अहो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बोललं ना लोखंड? काय म्हणालं?"

मग बाईंनी सगळे सांगितले. कंपनी एक, दार एक, रंगाचा डबा एक आणि घोटाळाही एकच. सांगता सांगता थोरली, मधली, धाकटी ही नावेही तोंडून निसटली.

"म्हणजे आम्ही मिरवतो ते काय?" डॉक्टर खोल गेलेल्या आवाजात म्हणाले. "नुसता बिल्ला?"

"नाही हो, साहेब." बाईंच्या आवाजात आता मॅनेजर नव्हती, तीन मुलींची आई होती. "थोरलीचं इंजिन वेगळं, बैठक वेगळी. आत बसलं की बाहेरचा रस्ता ऐकू येत नाही, ते काही फुकट होत नाही. धाकटीचा खर्च कमी, आणि रस्ता कसलाही असो, ती कधी माघारी फिरत नाही. पण दार, बिजागऱ्या, काचा, आतल्या तारा हे तिघींना मिळून एकदाच करायचं. त्यातून जे वाचतं त्यावर धाकटी स्वस्त होते आणि थोरली नटते. एकीला मिरवायला पाठवतो, एकीला निभवायला. मधली दोन्हीकडचं थोडं थोडं करते. घर असंच चालतं ना? माहेरी आल्या की तिघी सारख्याच."

सरांनी मान डोलावली. वर्गात एखाद्या पोराने सोपी रीत शोधून काढली, की डोलवत तशी. "सामाईक अवयव कंसाबाहेर काढला," ते स्वतःशी म्हणाले. "सुंदर आहे हो हे! खरंच सुंदर आहे."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "सर, त्या दिवशी मी पत्र्याबद्दल जे बोललो..."

"कुठल्या पत्र्याबद्दल?" सर म्हणाले. "तुमच्या की माझ्या?"

डॉक्टरांना हसू आवरले नाही. एवढ्या कसरतीनंतर ते वाक्य शेवटी पुरे झाले नाही, तेही बरेच झाले.

"बिल्ले मात्र आठवडाभर तसेच राहतील," मिस्त्रीने मध्येच सांगितले. "रंग पक्का व्हायला हवा."

"आठवडाभर? म्हणजे मी हॉस्पिटलात यांच्या नावाची..."

"राहू दे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचं नाव आपल्या पाठीवर, आपलं त्यांच्या. सोयरीक म्हणजे आणखी काय असतं? सर, जेवायला किती वाजता येऊ आम्ही?"

"तयारी झालेलीच आहे," मुलगी पटकन म्हणाली.

पण डॉक्टरांचा पाय निघेना. त्यांच्या कपाळावर एक नवीनच आठी आली होती. त्यांनी सरांना जरा बाजूला घेतले.

"सर, हे दाराचं जे काही आहे... तुम्ही शाळेत वगैरे कुठे बोलणार नाही ना? आमच्या क्लबात सगळ्यांकडे हीच गाडी आहे हो."

"बोलायला चांगलं उदाहरण आहे," सर म्हणाले. "सामाईक अवयवाचं इतकं सोपं उदाहरण मला पुस्तकात सापडलं नव्हतं. वर्गात सांगावं म्हणतो."

"अहो, वर्गात नको!"

"का? परक्या माणसाची गोष्ट सांगायला काय हरकत? घरच्या माणसाची असती तर गोष्ट वेगळी."

डॉक्टरांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "मग घरचेच म्हणा की! तारीख तुम्ही सांगाल ती. महिना तुमचा, वार तुमचा. काय, व्याही?"

"बघू या," सर म्हणाले. "आधी जेवू."

मंडळी लोखंडी दाराने बाहेर पडली. डॉक्टरही त्याच दाराने गेले, हातात कागदी पेला घेऊन. बाई उघड्या केबिनमध्ये परत आल्या आणि खुर्चीत टेकल्या. उद्या हेड ऑफिसला काय सांगायचे याची वाक्ये त्या मनात जुळवत होत्या. त्याआधी डॉक्टरांना कसे विनवायचे, त्यांच्या घरी फोन करावा की हॉस्पिटलात गाठावे, हेही त्या ठरवत होत्या. तेवढ्यात डॉक्टर एकटेच परत आले. त्यांनी मागे बघून दार लोटून घेतले.

"मॅडम, एक विनंती होती." आवाज अगदी खाली. "हे दार एकच असतं, डबा एकच असतो, हे तुम्ही बाहेर कुणाला सांगणार नाही ना? व्याह्यांचं मी बघतो. पण तुमच्याकडे एवढी मोठमोठी माणसं येतात. उगाच कुणाचं मन मोडायला नको."

बाईंनी डॉक्टरांकडे बघितले. मग समोरचे कागद नीट केले, चेहऱ्यावर जेवढे गांभीर्य मावेल तेवढे आणले आणि बराच विचार केल्यासारखे दाखवून म्हणाल्या,

"अवघड आहे, साहेब. पण तुम्ही स्वतः सांगताय म्हणून प्रयत्न करते."

"फार उपकार होतील," डॉक्टर म्हणाले.